जुनं टेबल सॉ पडवीत बसवताना: लाकूड का जळतं आणि फळी मागे का येते

देवगडजवळच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: कोल्हापूरच्या एका सुताराकडून १० इंची जुनं टेबल सॉ (टेबलातून वर येणाऱ्या गोल ब्लेडचं कापायचं मशीन) घेतलं. वर बिडाचं टेबल, खाली पट्ट्यावर चालणारी २ एचपीची सिंगल फेज मोटर. घराच्या मागच्या पडवीत ठेवलंय. फणसाची फळी उभी फाडताना कड काळी पडते, मोटर अडखळते. परवा तर एक फळी ब्लेडवरून उडाली आणि पोटाजवळून जाऊन मागच्या भिंतीवर आदळली. नवीन ब्लेड आणि ३ एचपीची मोटर घ्यावी का?

मोटर घेऊ नका. ब्लेडचं नंतर बघू. आणि खाली सांगितलेलं मागचं पातं लागेपर्यंत या मशीनवर एकही फळी उभी फाडू नका, ही मनापासून विनंती. तुमच्या प्रश्नातल्या तिन्ही तक्रारी, म्हणजे कड जळणं, मोटर अडखळणं आणि फळी उडणं, या एकाच दुखण्याच्या तीन खुणा आहेत. लाकूड ब्लेडच्या मागच्या अंगाला कुठेतरी चिमटलं जातंय. तिथे ३ एचपीची मोटर लावलीत तर दुखणं तेच राहील आणि फळी फेकण्याचा जोर तेवढा वाढेल. धारदार ब्लेड असेल तर दोन इंच जाडीची सुकी फळी फाडायला २ एचपी पुरते.

हे घडतं कसं ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी मेहनत त्यासाठीच आहे. ब्लेडचे पुढचे दात, म्हणजे तुमच्या बाजूचे, खाली जातात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दात मात्र टेबलातून वर येतात आणि वरून तुमच्याच दिशेने फिरतात. फळी सरळ पुढे गेली तर मागच्या दातांना काही काम नसतं, ते रिकाम्या चिरेतून फिरतात. पण फळी जरा तिरकी झाली, किंवा चीर मागे मिटली, की ते दात लाकडाला घासतात. आधी कड काळी पडते. घासणं वाढलं की दात फळी उचलतात आणि ब्लेडच्या वेगाने तुमच्याकडे फेकतात. १० इंची ब्लेडच्या कडेचा वेग सेकंदाला ४५ मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ताशी १६० किलोमीटर. माणूस तेवढ्या वेळात हात काढू शकत नाही. उलट फळी उडताना तिच्यावर टेकलेला हात ब्लेडकडे ओढला जातो, आणि बोटं जातात ती बहुतेक वेळा अशीच.

काळा डाग कुठे पडतो यावरून पुष्कळ कळतं. फेन्स (आपले सुतार गाइड म्हणतात ती पट्टी) आणि ब्लेड यांच्यामध्ये जो तुकडा असतो, त्याच्या कडेवर डाग असेल तर फेन्सचं मागचं टोक ब्लेडकडे झुकलंय. सगळ्यात धोक्याची अवस्था हीच. डाग पलीकडच्या, मोकळ्या तुकड्यावर असेल तर फेन्स मागे जास्त उघडी आहे. दोन्ही कडा सारख्याच जळत असतील तर ब्लेड बोथट किंवा चिकानं माखलेलं आहे, लाकूड ओलं आहे, नाहीतर तुम्ही फळी फार हळू ढकलताय. फाडलेले तुकडे अजून ठेवले असतील तर आत्ताच उचलून बघा.

आता जुळवणीकडे. पण गेज लावण्याआधी शाफ्ट, म्हणजे ब्लेड ज्यावर बसतं तो दांडा, बघा, नाहीतर माप घेणं व्यर्थ. प्लग काढा. पट्टा उतरवा, ब्लेड काढा. नट सैल करताना पाना ब्लेड ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने, म्हणजे वरून तुमच्याकडे, ओढायचा. शाफ्ट हाताने फिरवा. खरखर लागली, किंवा शाफ्ट वर-खाली हलवल्यावर किंचित जरी टकटक जाणवली, तर बेअरिंग बदला, विचार करत बसू नका. बेअरिंगच्या कडेवर नंबर असतो. या आकाराच्या मशीनला बहुधा ६२०४ किंवा ६२०५ निघतं. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलीच घ्या. त्यांच्या नंबरापुढे २आरएस लिहिलेलं असतं. उघडी बेअरिंगं आपल्या हवेत आणि भुशात टिकत नाहीत. मग ब्लेड ज्या चकतीला टेकतं तिचा बसका भाग पुसून डायल गेजने (काट्यावर अगदी बारीक हालचाल दाखवणाऱ्या मापाने) बघा. ०.०५ मिलिमीटरच्या आत हलली तर उत्तम. जास्त असेल तर गंज किंवा जुना चीक अडकलाय का ते आधी पाहा. तरीही गेज हललं तर शाफ्ट लेथवर घ्यावी लागेल. कुडाळ किंवा मिरजोळे एमआयडीसीत हे काम करणारे मिळतात. ब्लेडचं भोक शाफ्टवर सैल बसत असेल तर कागद-पत्रा गुंडाळून भागवू नका, नेमक्या मापाची रिंग करून घ्या.

पट्टा जुना असेल तर बदलाच. मशीन बरेच दिवस बंद राहिलं की पुलीवरच्या जागी पट्टा वाकलेलाच राहतो, आणि प्रत्येक फेऱ्याला मशीन हादरतं. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी टेकवून बघा. वेगाचा हिशोबही करून ठेवा: मोटरचे मिनिटाचे फेरे गुणिले मोटरची पुली भागिले शाफ्टची पुली. १४४० फेऱ्यांची मोटर, तिच्यावर ७ इंची आणि शाफ्टवर ३ इंची पुली असेल तर शाफ्ट ३३६० फेरे घेते, आणि १० इंची ब्लेडला ते योग्य आहे. ब्लेडवर छापलेली फेऱ्यांची मर्यादा कधीच ओलांडायची नाही. आधीच्या मालकाने पुल्या बदललेल्या असू शकतात, म्हणून मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

जुळवणीची सुरुवात फेन्सपासून करू नका. टेबलात माइटर गेजसाठी (आडवं कापताना लाकूड कोनात धरून पुढे सरकवायची पट्टी) जी लांब खाच असते, तिच्यापासून करा. ती खाच हलत नाही. बाकी सगळं तिच्याशी जुळवायचं. आधी ब्लेड खाचेला समांतर, मग फेन्स खाचेला समांतर. हा क्रम उलटा केला तर दिवस फुकट जातो.

ब्लेड पूर्ण वर घ्या. एका दातावर खडूची खूण करा. माइटर गेजला लाकडाचा ठोकळा घट्ट बांधा आणि त्यावर डायल गेज लावा. डायल गेज नसेल तर ठोकळ्यात एक पितळी स्क्रू बसवा, त्याचं डोकं दाताला जेमतेम लागेल असं करा, आणि फट फीलर गेजने (ठराविक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजा. तेवढंही पुरतं. खुणेचा दात पुढे आणून माप घ्या. मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्या, गेज खाचेतून मागे सरकवा, पुन्हा माप घ्या. दात तोच हवा. वेगळ्या दातावर मोजलंत तर ब्लेडचा वाकडेपणाही मापात शिरतो आणि तुम्ही भलतंच दुरुस्त करत बसता. दोन मापांतला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत आणायचा.

फरक जास्त निघाला तर शाफ्टचा पाळणा (शाफ्ट ज्यात बसवलेली असते तो सांगाडा) ज्या बोल्टांनी टेबलाला खालून धरलेला असतो, त्यांतले तीन सैल करा आणि चौथा जरासा कसलेला ठेवा. मग लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोका. बिडावर थेट हातोडी मारू नका, बीड वाकत नाही, तडकतं. ठोका, मोजा, पुन्हा ठोका. बोल्ट एकदम न कसता आळीपाळीने थोडे थोडे कसा, कारण शेवटच्या आवळण्यात पाळणा हटकून सरकतो. कसून झाल्यावर परत मोजा. ब्लेड ४५ अंशाला झुकवूनही मोजा. तिथे फरक आला तर टेबल आणि पाळण्याच्या मधे एका बाजूला पातळ पत्र्याच्या चकत्या घालाव्या लागतात. याला वेळ लागतो. एक अख्खी सकाळ यासाठी मोकळी ठेवा आणि घाई करू नका, कारण मशीन सुरक्षित आहे की नाही ते इथेच ठरतं.

फेन्स मग सोपी आहे. ती खाचेच्या कडेला आणून लॉक करा आणि बोट फिरवून पुढे-मागे सारखी येते का पाहा. अगदी समांतर ठेवा, किंवा मागचं टोक ब्लेडपासून कागदाच्या जाडीएवढं लांब. जवळ कधीच नको. जुन्या मशीनच्या फेन्स लॉक करताना मागचं टोक ओढून घेतात, म्हणून माप नेहमी लॉक केल्यावरच घ्यायचं, आणि पुढे कामातही फेन्स हलवली की टेपने पुढे-मागे दोन्हीकडे मोजायची सवय लावून घ्यायची.

काटकोनासाठी गुण्या ब्लेडच्या पत्र्याला टेकवा, दाताला नाही. त्याहून खात्रीची परीक्षा अशी: दोन-अडीच इंच रुंद सरळ पट्टी उभी ठेवून मधोमध आडवी कापा, एक तुकडा उलटा करून दोन्ही कापलेली तोंडं जुळवा. फट दिसली तर चूक फटीच्या निम्मी आहे. गुण्याच चुकीचा असला तरी ही परीक्षा फसवत नाही.

आता मागचं पातं, म्हणजे रायव्हिंग नाइफ. ब्लेडच्या लगेच मागे उभी असलेली ही पोलादी पट्टी चीर मिटू देत नाही आणि लाकूड मागच्या दातांपर्यंत पोहोचू देत नाही. आपल्याकडच्या जुन्या मशीनवर ती बहुतेक नसतेच; असलीच तर आधीच्या मालकाने अडचण म्हणून काढून टाकलेली असते. तुमच्या मशीनवर नाही हे फळी उडाली त्यावरूनच दिसतंय. ती करून घ्या. जाडी ब्लेडच्या चिरेपेक्षा कमी आणि ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त हवी: चीर ३ मिलिमीटर आणि पत्रा २.२ असेल तर २.५ ची पट्टी बरोबर बसते. ब्लेडच्या गोलाईप्रमाणे तिची पुढची कड गोल कापायची, दातांपासून ३ ते ८ मिलिमीटर अंतर ठेवायचं, आणि उंची ब्लेडच्या माथ्यापेक्षा जराशी कमी. ती टेबलाला न बसवता शाफ्टच्या पाळण्यालाच बसवायची, म्हणजे ब्लेड झुकलं, वर-खाली झालं तरी ती बरोबर जाते. ब्लेडशी अगदी एका रेषेत हवी. तिरकी बसली तर फळी तिच्यावरच अडकेल. चांगला फॅब्रिकेटर पोलादी किंवा स्टेनलेसच्या पट्टीतून हे करून देतो. मशीनवर जो काही खर्च कराल त्यातला पहिला यावर करा.

ब्लेडभोवतीचा घसाही बंद करा. जुन्या मशीनमध्ये तिथे बोटभर फट असते, बारीक तुकडे तिच्यात पडतात आणि ब्लेड ते वर फेकतं. १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायची किंवा हायलमची पट्टी टेबलाच्या पातळीत बसवा, घट्ट धरून ठेवा आणि चालू ब्लेड खालून हळूहळू वर आणत तिच्यातूनच चीर पाडून घ्या. मागच्या पात्यासाठी ती चीर मागे वाढवायला विसरू नका.

विजेचा भाग वायरमनकडूनच करून घ्या, पण काय मागायचं ते तुम्हाला ठाऊक असू दे. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाते-येते. साध्या बटणावर मशीन चालत असताना लाइट गेली, तुम्ही अडकलेला तुकडा काढायला हात घातलात आणि लाइट आली, तर काय होईल याचा विचार करा. म्हणून पुश बटणाचा डीओएल स्टार्टर लावा. वीज गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबेपर्यंत मशीन सुरू होत नाही. त्यातला ओव्हरलोड रिले मोटरच्या प्लेटवर लिहिलेल्या अँपिअरवर लावून घ्या. लाल बटण गुडघ्याने दाबता येईल अशा जागी हवं.

मोटर अडखळण्याचं दुसरं कारण वायर असू शकते. २ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना १० अँपिअरच्या आसपास घेते, पण सुरू होताना पाचपट ओढते. मीटरपासून पडवीपर्यंत ३० मीटर लांब दीड स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर सुरुवातीला ३६ व्होल्ट वायरीतच जातात. ४ स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरीत ते १४ वर येतात. डीपीपासून घर लांब असेल तर हा फरक फार मोठा आहे. फळी कापताना कोणाला तरी मीटर धरायला सांगा. २०० व्होल्टच्या खाली जात असेल तर मोटर तापून जळणार, नवीन घेतलीत तरी तीही जळणार.

अर्थिंगवर मी जरा हट्टी आहे. जांभ्याच्या कातळात अर्थिंग चांगलं मिळत नाही, उन्हाळ्यात जमीन सुकली की आणखी बिघडतं. खड्डा खोल घ्या, कोळसा-मीठ नीट भरा, आणि मार्च ते मे त्यात पाणी ओतत राहा. वायरमनला अर्थ टेस्टर लावून ओहम दाखवायला सांगा. ५ च्या आत आला तर छान. आणि अर्थिंग कितीही चांगलं असलं तरी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लावाच. ओल्या पडवीत, बिडाच्या मशीनला दोन्ही हात टेकून उभा असलेला माणूस त्याच्यामुळे वाचतो.

जागेचं थोडक्यात. पडवी अरुंद असली तरी लांब असते, म्हणून मशीन लांबीच्या दिशेने ठेवा. आठ फुटी फळीला पुढे-मागे तेवढीच मोकळी जागा लागते. ब्लेडच्या रेषेत स्वयंपाकघराचं दार किंवा येण्याजाण्याची वाट नको. शेणाने सारवलेल्या किंवा चिऱ्याच्या उंचसखल जमिनीवर मशीन डुगडुगतं. चार इंच काँक्रीटचा चौथरा करून त्यावर रबर घालून ठेवा. आणि शक्य असेल तर पश्चिमेची पडवी टाळा, झडीचं पाणी तिथेच येतं.

गंजाबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण घाटावर लिहिलेले सल्ले इथे पुरत नाहीत. रॉकेल लावून घासायचं हे सगळेच सांगतात. रॉकेलने गंज निघतो, मीठ निघत नाही. समुद्राजवळच्या हवेतलं मीठ बिडाच्या बारीक छिद्रांत बसतं, हवेतली ओल ओढून घेतं, आणि चकचकीत केलेलं टेबल आठवड्यात पुन्हा लाल होतं. म्हणून क्रम असा ठेवा: सपाट ठोकळ्याला २२० नंबरचा कागद गुंडाळून रॉकेलबरोबर घासा, मग ३२०. नुसत्या बोटांनी घासू नका, खड्डे पडतात. त्यानंतर स्वच्छ गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने दोन-तीनदा पुसा. लोखंडाला पाणी लावायला मन धजत नाही, पण मीठ पाण्यातच विरघळतं. लगेच कोरड्या कापडाने पुसून उन्हात किंवा गरम हवेने पूर्ण सुकवा, आणि टेबल कोमट असतानाच फर्निचरचं मेण चोळून चकाकी आणा. सिलिकॉन असलेलं पॉलिश नको, ते लाकडाला लागलं की पुढे पॉलिश धरत नाही. खोबरेल किंवा इंजिन ऑइलही टेबलावर नको, डाग पडतात.

काम संपलं की भुसा टेबलावर ठेवून जाऊ नका, तो ओल धरतो. झाकायला जुनी सुती चादर घ्या; प्लॅस्टिक घट्ट बांधलंत तर आत दव धरतं. पाळण्याच्या दात्यांना ग्रीस न लावता मेण किंवा ग्रॅफाइटची पूड लावा, कारण ग्रीसमध्ये भुसा बसून त्याचा दगड होतो. जून ते सप्टेंबर मशीन बंद राहणार असेल तर पट्टा सैल करून ठेवा, आणि पावसाळ्यानंतर मोटर सुरू करण्याआधी मेगरने (इन्सुलेशनचा ओहम मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशन तपासून घ्या. १ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटरचं झाकण काढून शेजारी बल्ब पेटता ठेवून सुकवा, मगच वीज द्या.

मग लाकूड. गिरणीतून नुकती आलेली फणसाची किंवा आंब्याची फळी आतून ओली असते, आणि फाडताना तिच्यातला ताण सुटून चीर मिटते. रिपा घालून, सावलीत, वारा लागेल अशी रचून ठेवा. सुकायला एक इंच जाडीला साधारण वर्ष धरा. टेबलावर टेकणारी बाजू सपाट आणि फेन्सला लागणारी कड सरळ नसेल तर आधी रंध्याने करून घ्या. वाकडी कड फेन्सला लावून फाडणं म्हणजे फळी उडवण्याचं आमंत्रण आहे. गोल ओंडका या मशीनवर कधीच नाही, त्यासाठी परवानाधारक आरागिरणी आहे. जुन्या घराचे वासे, तुळया मिळाल्या तर सोनं समजा, पण चुंबक फिरवून प्रत्येक खिळा काढल्याशिवाय ब्लेडला लावू नका. साग दात बोथट करतो, माडाची बाहेरची कडक फळी त्याहून लवकर करते.

उभं फाडायला २४ दातांचं टीसीटी (दातांना कार्बाइडची टोकं असलेलं) ब्लेड ठेवा, प्लाय आणि सनमाइकाला ६० किंवा ८० दातांचं. सध्याचं ब्लेड टाकून देऊ नका. फणसाचा चीक आधी खोबरेलने मऊ करून पुसा, मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून ते पंधरा मिनिटं भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा, धुऊन लगेच सुकवा. बोथट वाटलेली पुष्कळ ब्लेडं नुसती माखलेली असतात. त्यानंतरही कापत नसेल तर धार लावायला द्या.

उभं राहताना ब्लेडच्या रेषेतून बाजूला, फेन्स उजवीकडे असेल तर किंचित डावीकडे. ब्लेड लाकडाच्या वर दातापुरतंच काढा. अरुंद पट्टी ढकलायला ढकलकाठी, हात नाही. हातमोजे, लुंगी, खांद्यावरचा पंचा, लोंबती माळ यांतलं काही नको. भुशासाठी एन९५ मास्क रोज लावा: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाचा भुसा माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला आहे.

सगळं झाल्यावर पहिली फळी फणसाची घेऊ नका. सुकी, सरळ, फूटभर रुंद आणि तीन फूट लांब सागाची किंवा पाइनची घ्या. फाडून दोन्ही कडा उजेडात बघा आणि वर सांगितलेले डाग शोधा. डाग नसेल, आणि फळी मध्येच सोडली तरी जागची हलत नसेल, तर मशीन बसलं. फेन्सकडच्या तुकड्यावर पुसटसा जरी काळेपणा दिसला तरी पुन्हा खाचेपासून मोजायला सुरुवात करा, आणि मापं कळवा. तुमच्या मशीनच्या पाळण्याला बोल्ट तीन आहेत की चार, हेही लिहा. त्यावरून पुढचं सांगता येईल.